जनावरांच्या डिग्रीला ॲडमिशन घ्यायच्या आधी कोर्स आणि कॉलेज कसं तपासायचं (सोलापूरकरांसाठी सविस्तर)

बारावीचा निकाल आणि नीटचा स्कोअर हातात आला की मोहोळ, सांगोला, करमाळ्याच्या घराघरात एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएस काय लागत नाही, मग जनावरांचं काहीतरी करूया का, व्हेटर्नरी नाहीतर ते ॲनिमल सायन्स म्हणतेत ते. आणि मग कुणीतरी नातेवाईक कुठल्यातरी प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं रंगीत ब्रोशर पाठवतो, त्यात हिरवंगार गवत, पांढरी शुभ्र गाय आणि पांढरा कोट घातलेली मुलं. फी भरायची तारीख चार दिवसांवर असते आणि घरातले गडबडीत पैसे भरून मोकळे होतात.

तसं करू नका एवढ्यासाठीच हे लिहितोय. डिग्रीच्या नावात काय आहे त्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, शेवटी जो कागद हातात येणार त्याच्यावर कायद्यानं तुम्हाला काय करता येणार. दोन, शिकताना जनावराला तुमचा हात किती वेळा लागणार. बाकी सगळं, म्हणजे बिल्डिंग, वायफाय, एसी लेक्चर हॉल, हे नंतर बघायचं.

आणि आपल्या जिल्ह्यात ह्याला किंमत आहे. पंढरपुरी म्हैस आपली, खिलार आपली, धनगरवाड्यांवर दख्खनी मेंढ्या, घराघरात उस्मानाबादी शेळी, आणि आता अकलूज-माळशिरस पट्ट्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गायींचे मोठे गोठे. चांगला शिकलेला माणूस इथं रिकामा बसत नाही. पण जिल्ह्यात सरकारी व्हेटर्नरी कॉलेज नाही, म्हणजे पोरगं बाहेर ठेवायचंच आहे, मग तपासूनच ठेवूया की.

आधी कुठली डिग्री ते ठरवा

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा बैजवार सांगतो.

पहिली बीव्हीएस्सी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन पदवी. साडेपाच वर्षांची, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर हीच, दुसरा रस्ता नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, त्याच्या कलम ३० प्रमाणं रजिस्टर्ड पशुवैद्यकालाच प्रॅक्टिस करता येते. रजिस्ट्रेशन राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत होतं आणि ते ह्या मान्यताप्राप्त डिग्रीवरच मिळतं. महाराष्ट्रात ही डिग्री नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं, म्हणजे माफसूकडं आहे. मुंबईचं कॉलेज १८८६ चं, नागपूरचं १९५८ चं, शिवाय परभणी, उदगीर आणि शिरवळ. आपल्याला सोयीची उदगीर आणि शिरवळ, एक तुळजापूर-लातूरच्या वाटेनं, दुसरं पंढरपूर-फलटण-लोणंदच्या.

दुसरी बीएस्सी ॲग्री, चार वर्षांची. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला जोडलेली आहेत. ह्याच्यात पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र हा एक विभाग असतो, म्हणजे जनावरांचे मोजके पेपर, बाकी पिकं, माती, किडी, अर्थशास्त्र. ज्याला गोठा आणि शेती दोन्ही करायचंय किंवा पुढं बँकेत जायचंय त्याला ही चांगली.

तिसरी बीटेक डेअरी टेक्नॉलॉजी, चार वर्षं, माफसूची कॉलेजं पुसदजवळ वरूडला आणि उदगीरला आहेत. इथं गाय कमी आणि दूध जास्त. पाश्चरायझर, पावडर, चीज, प्लँटची मशिनरी. ज्याला गणित आवडतं आणि जनावराच्या शेणामुताचा कंटाळा येतो त्यानं सरळ इकडं जावं, त्यात काही कमीपणा नाही.

चौथी म्हणजे नुसतं बीएस्सी ॲनिमल सायन्स, बीएस्सी ॲनिमल हजबंडरी अशा नावाची डिग्री. परदेशात ही सरळ तीन-चार वर्षांची पदवी असते, पोषण, पैदास, प्रजनन, मांस-दूध-अंडी उत्पादन असं शिकवतेत आणि तिथली बरीच मुलं त्याच्यानंतर व्हेट स्कूलला जातेत. म्हणजे तिथंही ती डॉक्टरकीची डिग्री नाही. आपल्याकडं ह्या नावाची जाहिरात दिसली तर एकच विचारा, ह्याच्यावर पशुवैद्यक परिषदेत रजिस्ट्रेशन होतंय का. होत नाही. मग पशुखाद्य कंपनी, पोल्ट्री इंटिग्रेशन (कंपनी पिल्लं-खाद्य देऊन शेतकऱ्याकडून कोंबड्या वाढवून घेते ते), डेअरीचं फील्डचं काम, स्वतःचा फार्म ह्याच्यासाठी घेत असाल तर घ्या, पण "व्हेटर्नरीसारखंच आहे" असं कुणी काउंटरवर सांगत असेल तर तिथून उठा.

आणि साधी बीएस्सी झूलॉजी, जी आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत आहे, ती प्राणीशास्त्राची. शिक्षक, संशोधन, स्पर्धा परीक्षा ह्याला चालते. गोठ्याचं शास्त्र तिच्यात मिळणार नाही.

कागद तपासा, आणि स्वतः तपासा

व्हेटर्नरी असेल तर दिल्लीच्या व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे व्हीसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते, तिच्यात नाव शोधा. नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव असून उपयोग नाही, कॉलेजचं नाव लागतं. नवीन कॉलेज असेल तर विचारा की सुरू करायची परवानगी मिळालीये का डिग्रीला मान्यता मिळालीये, ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीवर वर्ग सुरू होतात. मान्यता म्हणजे ती डिग्री कायद्याच्या अनुसूचीत येणं, आणि रजिस्ट्रेशन त्याच्यावर अवलंबून. पहिल्या बॅचला जाणाऱ्यानं हे समजूनच जावं.

ॲग्री असेल तर कृषी विद्यापीठाची संलग्नता आणि पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेनं त्या कॉलेजला दिलेली श्रेणी बघा. ही श्रेणी लई कामाची गोष्ट आहे आणि पालक ती विचारतच नाहीत. विद्यापीठाला दिल्लीच्या आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं, ॲक्रेडिटेशन चालू आहे का तेही बघा, चालू म्हणजे मुदत संपलेलं नव्हे. कॉलेजवाले नॅकचा (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा) ग्रेड दाखवतील, तो छान आहे, पण नॅक तुमच्या पोराला रजिस्ट्रेशन देत नाही.

हे सगळं व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवरून ठरवू नका. मूळ वेबसाइट उघडायची, यादी डाऊनलोड करायची, तारीख बघायची.

सिलॅबस उघडून क्रेडिट मोजा

कृषी विद्यापीठांच्या सिलॅबसमध्ये विषयापुढं २+१ किंवा १+१ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थिअरीचा, दुसरा प्रॅक्टिकलचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. एक कागद घ्या, जनावरांशी संबंधित सगळे विषय उतरवा आणि फक्त दुसऱ्या आकड्याची बेरीज करा. दोन कोर्सेसची अशी बेरीज शेजारी शेजारी ठेवली की ब्रोशर बाजूला पडतं.

विषय कुठले असावेत? व्हेटर्नरीत सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, पशुधन उत्पादन व्यवस्थापन, मग पोषण, आनुवंशिकी आणि पैदास, जंतुशास्त्र, विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, गायनॅक. अभ्यासक्रम व्हीसीआयच्या २०१६ च्या नियमांनी बांधलेला आहे, त्यामुळं सगळीकडं कागदावर तोच दिसणार, फरक बघायचा तो अंमलबजावणीत. पण बिगर-व्हेटर्नरी ॲनिमल सायन्सच्या कोर्सला कागदसुद्धा नीट वाचा. पोषण, पैदास, प्रजनन, चारा, उत्पादन प्रक्रिया, रोगप्रतिबंध आणि हिशेब-मार्केटिंग एवढं पाहिजेच. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आणि कॉम्प्युटर बेसिक्सनं सेमिस्टर भरलेलं दिसलं तर समजून जा.

कॉलेजला जा, पण सकाळी सहाला

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. लोक अकरा वाजता जातेत, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चहा पितेत आणि परत येतेत. अकराला गोठ्यात काय दिसणार. आदल्या रात्री गाडी धरून मुक्कामी जा आणि पहाटे धारेच्या वेळेला कॉलेजच्या फार्मवर उभे राहा. परवानगी आधी फोन करून मागा. चांगलं कॉलेज हौसेनं दाखवतं.

तिथं काय बघायचं? आधी जनावरं किती आणि कुठली. गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या सगळं आहे का फक्त दोन-चार गायी दाखवायला बांधल्यात. मग त्या संख्येला वर्गातल्या मुलांच्या संख्येनं भागा. हे भागणं का महत्त्वाचं ते सांगतो. गाभण तपासणी शिकायची तर गुदाशयात हात घालून गर्भाशय चाचपावं लागतं, आणि एका गायीला एका दिवसात अनेक नवख्या हातांनी चाचपलं तर आतलं अस्तर सोलवटतं, रक्त येतं, गाय कुंथते. म्हणून शिक्षक थांबवतात. थांबवलंच पाहिजे. मग उरलेली मुलं लांबून बघून जर्नल लिहितेत. दहा गायी आणि ऐंशी मुलं असली की हेच होणार, त्यात शिक्षकाचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या अवयवांवर किंवा मॉडेलवर आधी सराव करून घेतात का ते विचारा, तसं असेल तर कॉलेज विचार करून शिकवतंय.

कृत्रिम रेतनाचं प्रॅक्टिकल चालू असेल तर थोडं उभं राहून बघा. सिमेनची कांडी पाव मिलीची, लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला. शिकवलेला मुलगा कंटेनरचं झाकण काढल्यावर कॅनिस्टर (कांड्या ठेवलेला डबा) कंटेनरच्या मानेच्या वर येऊ देत नाही, चिमट्यानं एकच कांडी उचलतो, लगेच ३७ डिग्रीच्या पाण्यात टाकतो, अर्धा मिनिट मोजतो, कोरडी पुसतो, कापतो, गनमध्ये भरतो आणि वेळ न घालवता गायीकडं जातो. पाण्यात थर्मामीटर आहे का बोट बुडवून अंदाज चाललाय, हे बघितलं तरी तिथं शिस्त किती आहे ते कळतं. गावोगावी गायी उलटतेत, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर येतेत, त्याला जी कारणं आहेत त्यातलं एक हेच, कांडी नीट न हाताळणं. तेच कॉलेजात शिकवलं नाही तर कुठं शिकणार.

त्यानंतर रजिस्टर मागा. प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला पाहिजे आणि त्या नंबरसमोर व्यायल्याची तारीख, माजाची तारीख, रेतन, गाभण तपासणी, रोजचं दूध, आजार, औषध. कुठलीही एक म्हैस निवडा आणि म्हणा हिच्या मागच्या दोन वेतांच्या तारखा दाखवा. पान लगेच उघडलं, शाई वेगवेगळ्या दिवसांची दिसली, खाडाखोड असली तरी माणसानं रोज लिहिलंय असं दिसलं, तर कॉलेज चांगलं. सगळं एकाच पेनानं एकाच अक्षरात लिहिलेलं असेल तर ते तपासणीच्या आदल्या रात्री भरलंय. आणि ते रजिस्टर मुलं भरतात का फक्त मजूर आणि फार्म मॅनेजर, हेही विचारा, कारण गोठ्याचं नफ्यातोट्याचं गणित त्या रजिस्टरमध्येच असतंय. दोन वेतांतलं अंतर गायीला तेरा-चौदा महिन्यांच्या पुढं बरंच गेलेलं असलं तर ते का गेलं हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला सांगता आलं पाहिजे.

वासरांच्या गोठ्यात डोकवा. वासरं तकतकीत आहेत का केस उभे, पोट सुटलेलं. कॉलेजचीच वासरं जंतांनी पोखरलेली असतील तर पुढं बोलायलाच नको.

व्हेटर्नरी असेल तर दवाखान्याचं ओपीडी रजिस्टर बघायला मागा. आसपासच्या गावांतून किती केसेस येतात, त्यात गायी-म्हशी किती, शेळ्या-मेंढ्या किती, कुत्री-मांजरं किती. शहरातल्या कॉलेजात कुत्री जास्त येणार, गावाजवळच्या कॉलेजात गुरं. पोराला पुण्यात पेट क्लिनिक टाकायचंय का मंगळवेढ्यात फिरता दवाखाना करायचाय, त्याप्रमाणं हा आकडा चांगला का वाईट ते ठरतं. एक्स-रे, सोनोग्राफी चालू आहे का कापड टाकून झाकलंय, शवविच्छेदनाची खोली वापरात आहे का, ॲम्ब्युलेटरी व्हॅन, म्हणजे फिरत्या दवाखान्याची गाडी, गावात जाते का आणि तिच्यात मुलांना नेतेत का, हे विचारून घ्या.

आपल्या भागाचं तिथं काही शिकवतेत का

हे मी मुद्दाम वेगळं काढलंय. आपल्याकडं हंगामात जनावरांना उसाचं वाढं चालतं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या दुभत्या गायीला कॅल्शियम कमी पडतं, म्हणून बरोबर दुसरा चारा आणि खनिज मिश्रण लागतं. पोषणाच्या सरांना सहज विचारा की सर, वाढं आणि कडबा असेल तर पंधरा लिटरच्या गायीचं रेशन, म्हणजे रोजच्या चाऱ्या-खाद्याचं प्रमाण, कसं बसवायचं. जो मास्तर फळ्याकडं वळून खडू उचलतो त्याच्याकडं मूल पाठवा. तसंच पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन होणारी विषबाधा, दुष्काळात छावणीतलं व्यवस्थापन, २०२२ साली लम्पीची (गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची) मोठी साथ आली तेव्हा कॉलेजच्या मुलांनी फील्डला काय केलं, पीपीआर आणि आंत्रविषार ह्या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांचं लसीकरण मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन करतात का. ह्याची उत्तरं ब्रोशरमध्ये नसतात.

शिक्षक आणि सीनियर

शिक्षकांची यादी वेबसाइटवर असते. प्रत्येक विभागात कायम किती, कंत्राटी किती, आणि एकच माणूस तीन विभागांत दिसतो का ते बघा. गायनॅक, सर्जरी, मेडिसिन, पोषण हे विभाग रिकामे असतील तर शेवटची दोन वर्षं कोरडी जाणार. कंत्राटी म्हणजे वाईट असं अजिबात नाही, कित्येक तरुण कंत्राटी मास्तरच जीव तोडून शिकवतेत, पण दर वर्षी बदलत असतील तर मुलांचं नुकसान होतं.

सीनियर गाठा, आणि कॉलेजनं पुढं केलेला टॉपर नको, मेसमध्ये जेवणारा कुठलाही चौथ्या वर्षाचा मुलगा-मुलगी चालेल. कॉलेज कसं आहे असं विचारलं तर चांगलं आहे म्हणणार. त्याच्यापेक्षा असं विचारा: तू स्वतः किती वेळा शिरेत सुई दिलीस? शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं आणि कशावर? अडलेली गाय सोडवताना तू हात घातलास का बाजूला उभा होतास? सीएमटीच्या (कासदाह ओळखायच्या साध्या चाचणीच्या) पॅडलवर चार सडांचं दूध घेऊन कासदाह तपासलास का? इंटर्नशिपला कुठं पाठवतेत, स्टायपेंड वेळेवर येतो का? मुलींनी मुलींना विचारावं की रात्रीच्या इमर्जन्सीला मुलींना नेतेत का, का "तुम्ही राहू द्या" म्हणतेत. हे शेवटचं फार बारकाईनं विचारा, कारण अवघड केसेस रात्रीच येतात आणि तिथून बाजूला ठेवलं की मुलगी अर्धं शिकून बाहेर पडते.

पुढं काय, ते आधी वाचा

पशुधन विकास अधिकारी गट-अ ही पोस्ट एमपीएससीतून भरतात आणि तिला बीव्हीएस्सीच लागते. बँकांची ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची परीक्षा ॲग्री, व्हेटर्नरी, पशुसंवर्धन, डेअरी ह्या किमान चार वर्षांच्या डिग्र्यांना खुली असते, तीन वर्षांच्या झूलॉजीला नाही. सैन्याची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर व्हेटर्नरीवाल्यांना घेते. डेअरी टेकवाल्यांना प्लँट. जुन्या भरतीची जाहिरात उघडून शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचा आणि तुमच्या डिग्रीचं नाव शब्दशः तिथं आहे का बघा. "समकक्ष" ह्या शब्दावर भरवसा ठेवून चार वर्षं घालवू नका.

खर्चाचं थोडक्यात: फी एका वर्षाची सांगतील, तुम्ही पूर्ण कोर्सची लेखी मागा, हॉस्टेल, मेस, परीक्षा, गमबूट, ॲप्रन, पुस्तकं धरून. सरकारी आणि खाजगीतला फरक एवढा असतो की खाजगीच्या पैशात गावात चांगला गोठा उभा राहतो, हे घरात एकदा मोठ्यानं बोलून घ्या.

फॉर्मची गडबड

व्हेटर्नरीला नीटचा स्कोअर लागतो, पण एमबीबीएसचा फॉर्म भरला म्हणजे व्हेटर्नरीचा आपोआप भरला असं होत नाही. माफसूचा फॉर्म वेगळा, माफसूच्या साइटवर. ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांची काउन्सेलिंग व्हीसीआय करते, तो फॉर्म आणखी वेगळा. ॲग्री आणि डेअरी टेकला एमएचटी-सीईटी, डेअरी टेकला गणित लागतं. म्हणून बारावीतच नीटबरोबर सीईटीचाही फॉर्म भरून ठेवा. डोमिसाइल, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेयर मे महिन्याच्या आधी काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत लाइन लागते.

व्हेटर्नरी नाहीच लागली आणि जनावरांतच काम करायचं पक्कं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. अनोळखी नावाच्या महागड्या डिग्रीपेक्षा चांगल्या श्रेणीच्या, स्वतःचा चालू गोठा असलेल्या कॉलेजात बीएस्सी ॲग्री घ्या, शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवाला असं गाव मागा जिथं दूधधंदा आहे, आणि पुढं राहुरीला पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एमएस्सीसाठी प्रयत्न करा. आणि नीट परत द्यायची असेल तर एकच वर्ष, तेही घरच्या धारा काढत, म्हणजे पोराला स्वतःलाच कळतं की पहाटे चारला उठून शेणात उभं राहायची आपली तयारी आहे का नाही.